इतिहासातून शिकायचे म्हणजे नेमके काय शिकायचे?

जुनी_वही (धागाकर्ता)

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' असे आपण येता-जाता म्हणतो. पण पुढच्याला ठेच कशाची लागली हेच मागच्याला कळले नसेल, तर तो शहाणा कशाने होणार, हे सहसा कोणी विचारत नाही. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात लिहून ठेवले आहे की माणसाला सुधारण्याचे दोन मार्ग असतात, एक स्वतःवर कोसळलेल्या आपत्तींचा आणि दुसरा इतरांवर कोसळलेल्या आपत्तींचा. पहिला जास्त ठसतो, दुसऱ्यात यातना कमी. हा दुसरा मार्ग वाटतो तितका सरळ नाही, असे माझे वाचनांती मत झाले आहे, आणि त्यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

या बाबतीत मला सर्वांत बोलका वाटणारा दाखला स्कर्व्ही या रोगाचा आहे. लांबच्या समुद्रप्रवासात हिरड्या सुजणे, त्यांतून रक्त येणे, भरलेल्या जखमा पुन्हा उघडणे आणि अखेरीस मृत्यू, असा हा रोग अठराव्या शतकात खलाशांचा काळ ठरला होता. १७४७ मध्ये जेम्स लिंड या शल्यवैद्याने 'सॅलिसबरी' या ब्रिटिश युद्धनौकेवरील १२ आजारी खलाशी निवडले, त्यांच्या सहा जोड्या पाडल्या आणि प्रत्येक जोडीवर वेगळा उपाय करून पाहिला. कोणाला व्हिनेगर मिळाले, कोणाला समुद्राचे पाणी, तर एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. फळांचा साठा सहा दिवसांतच संपला, तरीही तेवढ्या अवधीत त्या जोडीतील एक जण पुन्हा कामावर जाण्याइतका बरा झाला. लिंडने हे १७५३ मध्ये प्रसिद्ध केले आणि ब्रिटिश आरमाराने खलाशांना लिंबाचा रस नियमितपणे देण्याचे ठरवले ते १७९५ मध्ये. ही ४२ वर्षांची दिरंगाई बहुतेकांना ठाऊक असते आणि गोष्ट येथेच संपवली जाते.

खरी शिकण्याजोगी गोष्ट त्यानंतरची आहे. १८६० च्या दशकात आरमाराने भूमध्य समुद्राकाठच्या मोठ्या पिवळ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधील लहान हिरव्या लिंबांचा रस वापरायला सुरुवात केली. आंबटपणा सारखाच, तेव्हा गुणही सारखाच असणार, असे गृहीत धरले गेले. प्रत्यक्षात ज्याच्या अभावी स्कर्व्ही होतो ते क जीवनसत्त्व त्या रसात फारच कमी होते. हा घोटाळा बरीच वर्षे उघडकीस आला नाही, कारण वाफेच्या जहाजांमुळे प्रवासच इतके आखूड झाले होते की रोग जडण्यापूर्वी खलाशी बंदराला लागून ताजे अन्न खात. मग १८७५-७६ मध्ये जॉर्ज नेअर्स यांच्या उत्तर ध्रुवाकडील मोहिमेत स्कर्व्हीने डोके वर काढले, लिंबाच्या रसावरचा विश्वास ढळला, हा रोग नासलेल्या डबाबंद मांसामुळे होतो असा सिद्धांत मूळ धरू लागला, आणि स्कॉट यांच्या १९०१ मध्ये निघालेल्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेतही लोक स्कर्व्हीने आजारी पडले. शंभर वर्षांपूर्वी हाती आलेले उत्तर हातचे निसटले होते.

उपाय ठाऊक होता, पण तो का लागू पडतो हे ठाऊक नव्हते. त्यामुळे परिस्थिती बदलताच उपायातले काय जपायचे आणि काय सोडले तरी चालेल, हे कोणालाच सांगता आले नाही. आपल्या वैयक्तिक आयुष्यातले कितीतरी नियम याच जातीचे असतात. 'कर्ज काढू नये', 'हातची नोकरी सोडू नये', 'भावाभावांत व्यवहार करू नये' हे नियम कोणाच्या तरी पोळलेल्या अनुभवातून आलेले असतात, पण त्यामागचा अनुभव गळून गेलेला असतो आणि नुसता नियम उरलेला असतो. मग आपण तो डोळे मिटून पाळतो, किंवा एखाद्या दिवशी तितकेच डोळे मिटून मोडतो. इतिहासातील कोणत्या घटनेचा आपण एखाद्या निर्णयात खरोखर उपयोग करून घेतला आहे का, आणि तो कसा, हे जाणकारांनी जरूर लिहावे.

चौकस

विषय उत्तम आहे. आपण चुकांवर भर दिला आहे. मला यशाबद्दल लिहावेसे वाटते, कारण यशाकडून शिकताना माणूस अधिक फसतो, असे माझे निरीक्षण आहे.

दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बफेकी विमानांचा प्रश्न अनेकांनी ऐकला असेल. मोहिमेवरून परतलेल्या विमानांवर कोठे गोळ्या लागल्या आहेत हे मोजून तेथे चिलखत वाढवावे, असा साधा विचार होता. एब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञाने दाखवून दिले की मोजली जात आहेत ती फक्त परतलेली विमाने. ज्यांच्या इंजिनाला मार बसला ती परतलीच नाहीत, म्हणून परतलेल्या विमानांच्या ज्या भागावर छिद्रे कमी आहेत तोच भाग नाजूक समजला पाहिजे. यशस्वी उद्योजक पहाटे किती वाजता उठतो किंवा त्याने शिक्षण अर्धवट सोडले होते की नाही, हे वाचून आपण स्वतःचा दिनक्रम आखतो, तेव्हा आपणही परतलेली विमानेच मोजत असतो. तितक्याच पहाटे उठून, तितकेच धाडस करून बुडालेल्या माणसाचे चरित्र कोणी लिहीत नाही.

गंमत अशी की फक्त अपयशे मोजली तरी हीच गफलत होते. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर दगावले. आदल्या रात्री अभियंत्यांनी थंडीचा मुद्दा काढला होता. थंडीत अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडी ताठर होते आणि सांधा नीट बंद होत नाही, अशी त्यांची भीती होती. चर्चेत मात्र ज्या उड्डाणांत कडीला इजा झाली होती तेवढ्यांचेच तापमान पाहिले गेले, आणि इजा गारठ्यातही झाली होती, उबेतही झाली होती, तेव्हा तापमानाचा संबंध सिद्ध होत नाही असा निष्कर्ष निघाला. सुखरूप पार पडलेली उड्डाणे त्याच कागदावर मांडली असती तर चित्र लख्ख दिसले असते. चौकशी आयोगाने नंतर तेच केले: सुमारे १९ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानातील २० उड्डाणांपैकी केवळ तिनांत इजा झाली होती, आणि सुमारे १७ अंश किंवा त्याखालच्या चारही उड्डाणांत झाली होती.

म्हणून मी एक पथ्य पाळतो. एखाद्या बिघाडाचे कारण सापडले असे वाटले, की ते कारण हजर असूनही काही बिघडले नाही असे प्रसंग किती, हे मुद्दाम आठवून पाहतो. 'मी घाईत निर्णय घेतला म्हणून फसलो' असे म्हणण्यापूर्वी घाईत घेतलेले आणि उत्तम ठरलेले निर्णयही त्याच यादीत यायला हवेत. ते एकदा आले, की अनेकदा घाईला दोष देता येत नाही.

शंकासुर

दोन्ही लेखन आवडले, तरी मूळ प्रतिपादनाशी असहमत आहे. इतिहासातून शिकता येते, या समजुतीइतकी धोकादायक समजूत दुसरी नसेल.

पहिली अडचण आपल्या डोक्याचीच आहे. बारुख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धाची हकीकत वाचायला दिली. काही गटांना शेवट सांगितला, पण प्रत्येक गटाला वेगळा: कोणाला इंग्रज जिंकले असे, कोणाला गुरखे जिंकले असे. मग विचारले की हकीकत वाचून, शेवट ठाऊक नसता, कोणता शेवट किती संभाव्य वाटला असता? ज्याला जो शेवट सांगितला होता त्याला तोच अधिक संभाव्य वाटला, आणि शेवट सांगितल्यामुळे आपले मत बदलले आहे याची त्यांना जाणीवही नव्हती. निकाल कळल्यावर सारे उघडच दिसते. मग ज्याला निकाल कळलेला नव्हता त्याने काय करायला हवे होते, हे आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

दुसरी अडचण तुलनेची. ब्रिटनचे ॲन्थनी ईडन यांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मुसोलिनीशी वाटाघाटी करण्याच्या प्रश्नावरून परराष्ट्रमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. हुकूमशहांना गोंजारून उपयोग नाही हे त्यांचे मत पुढच्या वर्ष-दीड वर्षात पूर्णपणे खरे ठरले. जुलै १९५६ मध्ये इजिप्तच्या नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले तेव्हा पंतप्रधान ईडन यांना त्यांच्यात दुसरा मुसोलिनी दिसला, आणि फ्रान्स व इस्रायल यांच्याशी संधान बांधून त्यांनी सैन्य धाडले. अमेरिकेने पाठिंबा तर दिला नाहीच, उलट पौंडावर संकट आलेले असताना मदत रोखून धरली. ६ नोव्हेंबरला युद्ध थांबवावे लागले आणि जानेवारी १९५७ मध्ये ईडन पायउतार झाले. हा गृहस्थ इतिहास न शिकलेला नव्हता. उलट त्याने तो सर्वांपेक्षा जास्त मनावर घेतला होता.

आपलेही तसेच होते. एका भागीदाराने फसवले की पुढच्या प्रत्येक भागीदारात तोच दिसू लागतो.

जुनी_वही (धागाकर्ता)

शंकासुर, ईडन यांचा दाखला चपखल आहे, पण त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. त्यांनी १९३८ मधून 'कोण' हे उचलले, म्हणजे समोरचा मनुष्य कोणासारखा आहे एवढेच पाहिले. त्याच्या शेजारी १९६२ ठेवून पाहा.

एप्रिल १९६१ मध्ये क्युबातील 'बे ऑफ पिग्स' येथे अमेरिकेच्या पाठबळावर झालेली स्वारी तीन दिवसांत पार फसली. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी त्याची चौकशी करवली, आणि त्यांनी त्यातून घेतलेला धडा क्युबाविषयी नव्हता, तर स्वतःच्या बैठकीविषयी होता: तज्ज्ञ एकसुरात बोलत होते आणि ज्यांना शंका होत्या ते गप्प बसले होते. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे आढळली, तेव्हा सल्लागारांच्या काही बैठकांना ते मुद्दाम गैरहजर राहिले, जेणेकरून अध्यक्षांचा कल पाहून कोणी मत बदलू नये. सल्लागारांचे गट पाडून एकमेकांच्या योजनांतील कच्चे दुवे शोधून घेण्यात आले. पहिल्या दिवशी हवाई हल्ल्याकडे झुकलेली चर्चा आठवड्याभरात नाकेबंदीवर आली आणि २८ ऑक्टोबरला पेच सुटला. केनेडी यांनी त्याच वर्षी १९१४ च्या ऑगस्टवरील एक पुस्तक वाचले होते आणि कोणालाही नको असलेले युद्ध कसे पेटते हा विचार त्या दिवसांत त्यांच्या मनात होता, हेही नोंदलेले आहे. त्यांनी भूतकाळातून उचलली ती निर्णय घेण्याची रीत, आणि रीत परिस्थिती बदलल्यावरही पुष्कळदा चालते.

फिशहॉफ यांच्याविषयी मात्र मला हरकत घेता येत नाही. निकाल झाकून इतिहास वाचण्याची सवय लावून घेणे एवढाच उपाय मला दिसतो: निर्णयाच्या आदल्या दिवशीपर्यंत वाचायचे, पुस्तक मिटायचे, आपण काय केले असते ते कागदावर लिहायचे आणि मगच पुढे वाचायचे. करून पाहावे, आपली किती उत्तरे चुकतात हे पाहून नंतर कोणालाही मूर्ख म्हणवत नाही.

बखरीबाहेर

इतका वेळ चर्चा युरोप-अमेरिकेतच फिरते आहे, म्हणून पानिपताबद्दल लिहितो. 'पानिपत झाले' हा आपल्या भाषेत पराभवाला पर्यायच होऊन बसला आहे, पण १४ जानेवारी १७६१ नंतर काय शिकले गेले आणि काय राहून गेले, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी होते.

चुकांची नेहमीची यादी सर्वांना पाठ आहे: लढणाऱ्या फौजेबरोबर बुणगे आणि यात्रेकरूंचा प्रचंड गोतावळा, उत्तरेत कोणी भरवशाचा मित्र नसणे, ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर आल्यानंतर तुटलेली रसद, आणि उपासमारीने शेवटी करावी लागलेली लढाई. या यादीत एक बाब सहज निसटते. भाऊसाहेबांनी इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळावर आणि तोफखान्यावर आधारलेली गोलाची (म्हणजे फौज चौफेर रचून एकत्र पुढे सरकण्याची) लढाई योजली होती. युरोपीय धर्तीच्या पायदळाचे महत्त्व त्यांना पटले होते. परंतु ते पायदळ आणि पूर्वापार मोकळ्या मैदानात लढणारे घोडदळ यांचा मेळ बसायला लागणारा वेळ आणि सराव कोणाजवळच नव्हता.

महादजी शिंदे स्वतः पानिपतावर जखमी होऊन कसेबसे वाचले. त्यांनी पुढच्या तीस वर्षांत जे केले ते इतिहासातून शिकण्याचे उत्तम उदाहरण मानावे लागेल. १७७१ मध्ये मराठे दिल्लीत परतले आणि १७७२ च्या आरंभी शाह आलम याला त्यांनी तख्तावर आणून बसवले. १७८४ मध्ये महादजींनी द बॉइन या फ्रेंच सेवेत वाढलेल्या सेनानीला नोकरीत घेतले आणि त्याच्याकरवी कवायती पलटणी, तोफा ओतण्याचे कारखाने आणि नियमित पगाराची व्यवस्था उभी केली. गारद्यांच्या वेळी जो मेळ बसला नव्हता तो येथे बराचसा बसला, आणि राजस्थानातील पाटण व मेडता येथील १७९० च्या लढायांत त्याचे फळ दिसले.

आता राहून गेलेला भाग. पलटणी आपल्या झाल्या, तोफा आपल्या झाल्या, पण हुकूम देणारे वरचे अधिकारी जवळजवळ सगळे परके आणि पगारी राहिले. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपले तेव्हा कंपनी सरकारने शिंद्यांच्या चाकरीतील इंग्रज अधिकाऱ्यांना चाकरी सोडून येण्याचे आवाहन केले आणि पुष्कळ जण निघून गेले. खुद्द सरसेनापती पेराँ सप्टेंबरमध्ये इंग्रजांच्या आश्रयाला गेला. असई आणि लासवारी येथे पायदळ आणि गोलंदाज हटले नाहीत, शत्रूनेही त्यांची वाखाणणी केली, पण त्यांना लढवणारे डोके जागेवर नव्हते. पहिल्या पराभवाचा दिसणारा धडा, म्हणजे कवायती फौज हवी, हा पक्का शिकला गेला. न दिसणारा धडा, म्हणजे ती चालवण्याचे ज्ञान घरात मुरायला हवे, हा शिकला गेला नाही. वैयक्तिक पातळीवर मला हे फार जवळचे वाटते: आजारपणानंतर आपण विमा घेतो, हिशेब चुकल्यावर हिशेबनीस नेमतो, आणि आपल्याला स्वतःला काहीच न कळण्याची मूळ स्थिती जशीच्या तशी ठेवतो.

वाचनमात्र

सहसा प्रतिसाद देत नाही, पण एक उदाहरण सुचवावेसे वाटते. १९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडाली आणि बचावनौका अपुऱ्या होत्या हे जगाला कळले. धडा रास्त होता, कायदे बदलले. अमेरिकेतील 'ईस्टलँड' ही सरोवरात फिरणारी प्रवासी आगबोट आधीपासूनच एका अंगाला कलणारी म्हणून बदनाम होती. जुलै १९१५ मध्ये नव्या कायद्याला अनुसरून तिच्या वरच्या भागात आणखी बचावनौका आणि तराफे चढवण्यात आले. २४ जुलैला शिकागो नदीत, धक्क्याला बांधलेली असतानाच, सहलीला निघालेल्या अडीच हजारांहून अधिक लोकांसह ती कुशीवर आडवी झाली आणि ८४४ माणसे मेली. काठापासून काही हातांच्या अंतरावर. तिच्यातील मूळ दोष जुनाच होता हे खरे, पण वरच्या वजनाने त्यात भर घातली.

एका जहाजाचा धडा दुसऱ्या जहाजावर चढवताना ते दुसरे जहाज तो भार पेलेल का, हे कोणी पाहिले नाही. थोरल्या मुलाच्या बाबतीत फार सैल राहिलो असे वाटून धाकट्याला करकचून बांधणारे आईवडील पाहिले, की मला हीच बोट आठवते.

उड्डाणपट्टी

चुकांमधून शिकण्याची सर्वांत शिस्तशीर पद्धत विमानवाहतुकीने घडवली आहे, आणि तिच्यातील काही गोष्टी घरीदारी उचलण्याजोग्या आहेत.

३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत एका नव्या चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाची चाचणी चालू असताना ते वर उठताच कोसळले. वैमानिक अत्यंत अनुभवी होता. विमान उभे असताना शेपटीच्या पट्ट्या जखडून ठेवणारा खटका काढायचा तेवढा राहिला होता. अधिक हुशार वैमानिक शोधा, असा निष्कर्ष कोणी काढला नाही. विमान आता एकट्याच्या स्मरणशक्तीबाहेर गेले आहे हे मान्य करून उड्डाणापूर्वी वाचून तपासायची यादी तयार केली गेली, आणि तेच विमान पुढे बी-१७ म्हणून हजारोंच्या संख्येने बनले.

दुसरी घटना अधिक भीषण आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरील विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली आणि ५८३ जण ठार झाले. एका विमानाच्या वरिष्ठ कप्तानाने परवानगी मिळाली असे समजून वेग घेतला. त्याच्या सहकाऱ्याने, समोरचे विमान अजून बाजूला झाले नाही का, अशी शंका बोलूनही दाखवली होती, पण कप्तानाच्या ठाम उत्तरापुढे ती विरून गेली. त्यानंतर नियंत्रकाशी बोलण्याचे शब्द काटेकोर झाले आणि कनिष्ठाने शंका ठामपणे मांडायची व वरिष्ठाने ती ऐकायची, याचे रीतसर प्रशिक्षण सुरू झाले.

या क्षेत्रात अपघाताची तांत्रिक चौकशी दोष ठरवण्यासाठी नसते, पुढचा अपघात टाळण्यासाठी असते, असे आंतरराष्ट्रीय नियमांतच नमूद आहे. १९७६ पासून अमेरिकेत वैमानिकांना थोडक्यात टळलेल्या चुका गोपनीयपणे कळवता येतात. घरात किंवा कचेरीत चूक कबूल करणाऱ्याची पहिल्याच वाक्याला खरडपट्टी निघत असेल, तर तेथील इतिहास लिहिलाच जाणार नाही, मग त्यातून शिकणे दूरच. मुलाने हरवलेल्या पैशांबद्दल स्वतः येऊन सांगितले, तर पहिला प्रश्न 'कोठे ठेवले होतेस?' असावा, 'अक्कल कोठे ठेवली होतीस?' असा नसावा.

शंकासुर

उड्डाणपट्टी यांचा प्रतिसाद वाचून एवढे मान्य करतो की यंत्रांच्या बाबतीत शिकता येते, कारण तेच यंत्र पुन्हा पुन्हा उडते. माणसांचे तसे नसते. इग्नाझ झेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात सिद्ध करून दाखवले की शवविच्छेदनानंतर क्लोरिनच्या पाण्याने हात धुतले तर बाळंतिणींचे मृत्यू सुमारे १० टक्क्यांवरून दोन टक्क्यांच्याही खाली येतात. आकडे हाती असूनही बहुतेक नामांकित वैद्यांनी ते फेटाळले. हा इतिहास वाचून प्रत्येक विक्षिप्त माणसाला आपण झेमेलवाइस आहोत असे वाटते. यातून शिकायचे ते काय?

चौकस

शंकासुर, एक गोष्ट नक्की शिकता येते. झेमेलवाइस यांनी स्वतःचे पुस्तक प्रसिद्ध केले ते १८६१ मध्ये, म्हणजे १४ वर्षांनी, आणि त्यावर टीका होताच टीकाकारांना जाहीर पत्रे लिहून अक्षरशः खुनी ठरवले. विरोधकांचा अहंकार होताच, पण बरोबर असणे आणि पटवून देणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि दुसऱ्याकडे त्यांनी फार उशिरा आणि फार रागाने पाहिले. आपल्या कुटुंबात एखाद्याचे व्यसन सोडवताना किंवा म्हाताऱ्या माणसाला डॉक्टरकडे नेताना हा फरक रोज आडवा येतो.

आपल्याला सगळे कळते असे वाटणाऱ्यांसाठी न्यूटन आहेच. १७२० मध्ये साउथ सी कंपनीचे समभाग त्याने चांगल्या नफ्यात विकले होते. भाव आणखी चढताना पाहून चढ्या भावाने पुन्हा घेतले आणि मोठा फटका खाल्ला. त्याला गणित येत नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. शेजारी श्रीमंत होताना पाहणे त्याला सोसले नसावे, असा माझा कयास.

जुनी_वही (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. शिकलेले टिकवायचे कसे, याबद्दल माझी सध्याची रीत लिहितो. मोठ्या निर्णयापूर्वी, मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचवल्याप्रमाणे, हा निर्णय वर्षभराने पूर्णपणे फसला आहे असे धरून तो का फसला याची कारणे लिहून काढतो. सोबत आत्ता काय माहीत आहे आणि काय गृहीत धरले आहे, तेही. फिशहॉफ यांच्या आक्षेपावर एवढाच उतारा मला सापडला आहे, कारण नंतरचे शहाणपण आधीच्या कागदात शिरू शकत नाही. आणि कोणताही नियम लिहिताना त्याच्याखाली तो कोणत्या परिस्थितीत निरर्थक ठरेल, हेही लिहितो.

जपानमधील फुदाई गावाचे उदाहरण मला या संदर्भात फार मोलाचे वाटते. १९३३ ची त्सुनामी डोळ्यांनी पाहिलेले कोतोकु वामुरा पुढे तेथे दीर्घकाळ गावप्रमुख होते. १८९६ च्या लाटेची उंची १५ मीटर होती, ही नोंद त्यांनी सोडली नाही. एवढ्या उंच बांधकामाचा खर्च कशाला, अशी टीका सोसून त्यांनी साडेपंधरा मीटर उंचीचे जलद्वार १९८४ मध्ये पुरे करवले. २०११ च्या त्सुनामीत गाव वाचले. वामुरा तोपर्यंत हयात नव्हते.

शंकासुर

फुदाईच्याच किनाऱ्यावर तारो हेही गाव आहे. १९३३ मध्ये ते उद्ध्वस्त झाले, त्यांनीही धडा घेतला, दहा मीटर उंचीची प्रचंड भिंत बांधली, आणि ती पाहायला लांबून लोक येत. २०११ मध्ये लाट भिंतीवरून आत आली, आणि भिंत आहे म्हणून काही माणसे घरातच थांबली होती. तोच धडा, तीच आपत्ती, दोन निकाल. आता सांगा, २०१० मध्ये दोन्ही गावे पाहून कोणते शिकलेले आहे हे आपल्याला ओळखता आले असते का?

वाचनमात्र

कदाचित ओळखता आले नसते. पण त्याच किनाऱ्यावर आनेयोशी नावाची लहानशी वस्तीही आहे. १८९६ आणि १९३३ अशा दोन वेळा जवळजवळ निर्मनुष्य झाल्यावर तेथील लोकांनी डोंगरउतारावर एक दगड उभारला आणि याच्या खाली घर बांधू नका असे त्यावर कोरले. भिंत बांधलीच नाही; घरे वर नेली. २०११ ची लाट दगडाच्या सुमारे शंभर मीटर अलीकडे थांबली. भिंतीची उंची ठरवायला पुढची लाट किती मोठी असेल याचा अंदाज लागतो आणि तो चुकू शकतो. धोक्याच्या जागेतून उठून जायला तेवढा अंदाज लागत नाही, फक्त रोज समुद्रापर्यंत चढउतार करण्याची किंमत मोजावी लागते. कर्जाच्या बाबतीत मी आजवर भिंतीचाच विचार करत आलो होतो, म्हणजे उत्पन्न किती घटले तरी हप्ते निभावतील याचा हिशेब. हा धागा वाचून तो कागद पुन्हा काढला आहे, आणि या वेळी हप्ताच नसलेले घर कोठे आणि केवढे परवडेल, हे त्यावर मांडून पाहतो आहे.